मूळ इंदूरकर निश्चिती समिती

सुदामा नगरातल्या स्नेहवर्धिनी महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा शेवटच्या पंगतीला मसालेभात उरला नाही. पदाधिकाऱ्यांनी सगळ्यांच्या मागून जेवायचं, अशी मंडळाची जुनी आणि स्तुत्य प्रथा आहे. त्यामुळे उपाशी राहण्याचा प्रसंग नेमका निर्णय घेण्याचे अधिकार असलेल्यांवर आला. अध्यक्ष अप्पासाहेबांनी मठ्ठा आणि लिंबाची फोड एवढ्यावर जेवण आटोपलं आणि रुमालाला हात पुसता पुसता इंदुरी ढंगात म्हणाले, "बाहेरचे लोक फार झालेत, भिया."

बाहेरचे म्हणजे पुणे, सांगली, नाशिककडून नोकरीसाठी इंदुरात आलेली मराठी मंडळी. कुणी कंपनीत, कुणी कॉलेजात. त्यांची वर्गणी सगळ्यांच्या आधी आली होती, मांडव त्यांनी उभा केला होता आणि त्या दिवशी वाढायलाही तेच होते. आचाऱ्याला माणसांचा अंदाज मात्र जुन्या सभासदांपुरताच दिला गेला होता. ही चूक कोणाची, असा प्रश्न निघू नये म्हणून तातडीने एक समिती नेमण्यात आली.

समितीचे प्रमुख म्हणून बाळकृष्ण पोतनीसांचं नाव एकमताने पुढे आलं. पोतनीस सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि साध्यासरळ गोष्टीचा मसुदा करून ती कुणालाच कळणार नाही अशी करण्यात त्यांचा हात धरणारा कॉलनीत दुसरा नव्हता. त्यांनी मान स्वीकारला खरा, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांचा मुलगा शंतनु कॅनडात होता. त्याला मुलगी झाली होती, शमिका, आणि नातीला त्यांनी आजवर फक्त फोनच्या काचेतून पाहिलं होतं. चैत्रात तिचा पहिला वाढदिवस. तोवर व्हिसा मिळाला तर पोतनीस नवरा-बायको तिला मांडीवर घेणार होते. यशोधराबाईंची दुपटी शिवून झाली होती, बाळकृष्णरावांनी कानटोपी घेऊन ठेवली होती. रोज सकाळी ते त्या व्हिसाच्या काळजीने उठत आणि संध्याकाळी बाहेरच्यांना कसं रोखावं, या बैठकीला जात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्यांच्या एकदाही मनात आलं नाही.

पहिल्या बैठकीत 'मूळ' कोणाला म्हणायचं, हे ठरवायचं होतं. अप्पासाहेबांचं म्हणणं सरळ होतं. होळकरांच्या फौजेबरोबर जे आले ते मूळ, बाकीचे सगळे नंतरचे. फौजेबरोबर आलेला माणूसही कुठून तरी आलेलाच असतो, हे कुणी बोललं नाही, कारण बैठक अप्पासाहेबांच्या घरी होती आणि भजी अजून यायची होती.

"असं केलं तर मतलब तुम्ही एकटेच उरता, अप्पासाहेब," शाळेत शिकवणाऱ्या विनीताताई म्हणाल्या. "आरतीला टाळ्या कोण वाजवणार?" त्यांच्या मते सुदामा नगर वसलं तेव्हा ज्यांनी इथे प्लॉट घेतले ते मूळ. त्यांच्या सासऱ्यांनी तेव्हाच घेतला होता.

बाळकृष्णरावांचे धाकटे भाऊ गोपीनाथ यांना प्लॉटची अट पसंत नव्हती, कारण ते बरेच पुढे जुन्या इंदुरातल्या छत्रीबागेतून इथे राहायला आले होते. "नळाला नर्मदा यायच्या आधी जो पाण्याच्या लाइनीत बाल्टी घेऊन उभा राहिला, तो इंदोरी. बाकी सब फालतू," ते म्हणाले. प्रत्येकाने सुचवलेली वेस त्याचं स्वतःचं सामान आत येऊन पडलं की लगेच बंद होत होती.

मग परीक्षा घ्यायचं ठरलं. पहिलाच प्रश्न निघाला, पोह्यांवर आधी शेव घालायची की जिरावणाचा मसाला. याचं बरोबर उत्तर कोणतं यावर समितीत दोन तट पडले आणि अप्पासाहेब व गोपीनाथ काही दिवस एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला हृषीकेश म्हणाला, "काका, गाडीवर दोन्ही प्रकारे देतात. मी रोज तिथेच खातो."

हा हृषीकेश सांगलीचा. इथे एका कंपनीत नोकरीला आणि पोतनीसांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. समितीत कुणालाच लॅपटॉपवर मराठी लिहिता येत नसल्यामुळे बाहेरच्यांना रोखण्याचे सगळे कागद तोच बाहेरचा तयार करत असे. त्याच्या बोलण्यावर समिती विचारात पडली. जिरावणाने एकाला ब्लडप्रेशर, शेवेने दुसऱ्याला अ‍ॅसिडिटी, त्यामुळे मूळ मंडळींपैकी कुणीही गाडीवर उभं राहून पोहे खाल्ल्याला जमाना लोटला होता. परीक्षा घेतली तर फक्त बाहेरचे पास होतील हे दिसू लागताच परीक्षेचा मुद्दा पुढील विचारार्थ ठेवण्यात आला.

तेव्हा बाळकृष्णरावांनी आपला मसुदा मांडला. ज्याचा जन्म इंदूर शहराच्या हद्दीत झाला तो मूळ, ज्याचा नाही तो बाह्य. "यात वाद घालायला जागाच नाही," ते म्हणाले. अप्पासाहेबांनी मान डोलावली. सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं वाटलं आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

घरी आल्यावर यशोधराबाईंनी विचारलं, "म्हणजे मी बाहेरची झाले का? मी तर बऱ्हाणपूरची. मग उद्यापासून चहा कोण्या मूळ माणसाकडून घ्या." असाच संवाद त्या रात्री बऱ्याच घरांत झाला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच 'विवाहाने आलेल्या सुनांना सवलत' असं कलम जोडावं लागलं.

एक सवलत दिसली की दुसरी मागायला माणूस धजावतो. विनीताताई एकट्याच येऊन सांगून गेल्या, "नियम सख्त ठेवा, काही ढील नको. फक्त माझ्या गुडघ्याची ती नाशिकची फिजिओथेरपिस्ट सोडा. ती तशी नाही." गोपीनाथांचा भाडेकरू तसा नव्हता. अप्पासाहेबांचे तर गणपतीची प्रतिष्ठापना करणारे वाईचे गुरुजी तसे नव्हते, आणि गुरुजींना बाहेर ठेवलं तर गणपतीही बाहेरच राहिला असता. कॉलनीत बाहेरचे फार झाले याबद्दल प्रत्येकाची खात्री होती, पण प्रत्येकाच्या ओळखीचा जो बाहेरचा होता तो नेमका चांगला निघत होता. मग अशा सर्वांसाठी 'सवलतपत्र' काढायचं ठरलं. त्याचा मजकूरही बाळकृष्णरावांनीच केला.

अंमलबजावणीसाठी घरोघर जाऊन जन्मगाव विचारायचं काम निघालं. जुन्या सभासदांचे गुडघे चालत नव्हते आणि त्यांची मुलं पुणे, बेंगळुरू नाहीतर परदेशात होती, तेव्हा हे काम हृषीकेशकडे आलं. त्याने सुरुवात घरमालकापासून केली.

"काका, जन्म कुठला लिहू?"

"ये भी कोई पूछने की बात है?" बाळकृष्णराव हसले. "पोतनीस घराणं दरबारात होतं. इंदूर लिही."

"धुळे," स्वयंपाकघरातून यशोधराबाईंचा आवाज आला. "सासूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. यांचं बारसंसुद्धा तिथलंच."

हृषीकेशची बोटं थांबली. "आणि गोपीनाथकाका?"

"भाऊजी इथले. दुसऱ्या खेपेला माहेरी कोण नेतं?"

मग बाळकृष्णरावांनी घसा साफ करून विचारलं, "आणि तू रे? तू तर पक्का बाहेरचा."

"माझी आई छत्रीबागेतली, काका," हृषीकेश जरा संकोचून म्हणाला. "मी तिचा पहिला."

आठवडाभरात कॉलनीचं चित्र स्पष्ट झालं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा रिवाज मोडल्याचं एकाही मराठी घरात ऐकिवात नव्हतं, आणि मुली खानदेशातून, विदर्भातून करून आणलेल्या. त्यामुळे घरोघरचे थोरले बाह्य ठरले आणि धाकटे मूळ निघाले. जे थोरले लहानपणापासून धाकट्यांना दरडावत आले होते, त्यांना आता सवलतपत्रासाठी धाकट्यांच्या शिफारशीची गरज पडली. अप्पासाहेब आईचं चौथं अपत्य असल्यामुळे निभावले.

"दादा, वाईट नको वाटून घेऊ," गोपीनाथ म्हणाले. आयुष्यभर थोरल्याचे उतरलेले शर्ट घातलेला माणूस जितक्या सहानुभूतीने बोलू शकतो, तितक्या सहानुभूतीने ते बोलले. "वैसे पण नियम तुझाच आहे."

हे सगळं बाळकृष्णरावांनी हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच सुमारास व्हिसाच्या एजंटाने फाइल चाळून मान हलवली. "अंकल, पैसा-वैसा सब ठीक है. उनको ये दिखना चाहिए कि आप लौटोगे, आपकी जड़ें यहाँ हैं. किसी पुरानी संस्था का लेटर लगा दो." सुदामा नगरात जुनी संस्था एकच होती. आणि तिने नुकताच ठराव केला होता की मंडळाच्या शिक्क्याचं रहिवासाचं पत्र फक्त मूळ इंदूरकरालाच मिळेल.

त्या संध्याकाळी ते जिना चढून वर गेले. हृषीकेशने खुर्ची पुढे केली, चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं.

"काका, नियमच काढून टाका ना," तो म्हणाला. "प्रमुख तुम्हीच आहात. मीटिंगमध्ये एक वाक्य बोला, मी फाइल डिलीट करतो. मग सगळेच इथले."

बाळकृष्णरावांच्या डोळ्यांपुढे शमिका आली. ती हल्ली सोफ्याला धरून उभी राहायला लागली होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलावं असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण मग सगळेच इथले, म्हणजे या मुलाचे मित्र, त्यांचे मित्र, गाडीवर पोहे खाणारे ते सगळेच. त्यांनी कप खाली ठेवला.

"नियम चांगला आहे रे," ते म्हणाले. "फक्त माझं प्रकरण वेगळं आहे."

सांगलीच्या त्या सभ्य मुलाने हे वाक्य आदल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक दारात ऐकलं होतं. त्याने सवलतपत्राचा अर्ज उघडला. त्याला पत्रात पोतनीसकाकांबद्दल चार चांगल्या ओळी घालायच्या होत्या, पण अप्पासाहेब आडवे आले. मंजूर मजकुरात कानामात्रेचा बदल केला, तर उद्या सगळेच मागतील. तेव्हा पत्र निघालं ते असं: 'सदर व्यक्ती मूळची येथील नाही. तथापि तिचे वर्तन समाधानकारक असल्याने तिचे येथे राहणे मंडळ तूर्त सहन करीत आहे.' इंग्रजी भाषांतर विनीताताईंनी केलं. त्या चोख बाई असल्यामुळे त्यात काही सुटलं नाही.

बाळकृष्णरावांनी आपलाच मजकूर वाचला. दुसऱ्यासाठी लिहिताना तो त्यांना फार समतोल वाटला होता. पण एजंट घाई करत होता, शिक्का खरा होता आणि कागदावर मंडळाचं नाव ठळक होतं. पत्र फाइलीला लागलं.

उत्तर थोडक्यात आलं. अर्जदार ज्या गावाचा म्हणवतो, त्या गावाशी त्याचं नातं पक्कं असल्याची खात्री पटत नाही, सबब परवानगी नाकारण्यात येत आहे.

वाढदिवसाला व्हिडिओ कॉल झाला. मागे फुगे होते, शमिकाने कपाळाला केक लावून घेतला होता.

"बाबा, टेन्शन नका घेऊ, परत अप्लाय करू," शंतनु म्हणाला. "इकडे सध्या सख्ती आहे. आणि खरं सांगू? गरजच होती. आम्ही आलो तेव्हा असं नव्हतं. आता कोण पण येतं यार, घरं मिळत नाहीत, जॉब मिळत नाहीत. बाहेरचे फार झालेत."

"मी येत होतो रे," बाळकृष्णराव म्हणाले.

"तुमचं प्रकरण वेगळं आहे, बाबा."

शमिकाने फोनकडे दोन पावलं टाकली आणि पडली. ती त्यांच्या देखत पहिल्यांदाच चालली होती, आणि तिला उचलायला त्यांनी हात पुढे केला तो फोनच्या काचेला लागला. यशोधराबाई पदर डोळ्याला लावून आत गेल्या. बाळकृष्णरावांना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आपल्यावर घोर अन्याय झाला आहे, हे त्यांना इतकं स्वच्छ कधीच दिसलं नव्हतं. तसा तो आणखी कुणावर झाला असेल का, हा विचार मात्र त्या गर्दीत राहून गेला.

समितीचं काम जोरात सुरू आहे. बाळकृष्णरावांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिल्यामुळे प्रमुखाची जागा तेवढी रिकामी आहे. अर्ज इंदूरबाहेरूनही चालतील. बाहेरचे फार झाले, असं आपणही चारचौघांत कधी बोलला असाल, तर तेवढा अनुभव पुरेसा धरला जाईल. आपल्या घरचं कोण सध्या कुठल्या देशाच्या रांगेत उभं आहे, हे अर्जात लिहू नये. समितीत ते कुणी कुणाला विचारत नाही, आणि या एका मुद्द्यावर सगळ्यांचं पहिल्या दिवसापासून एकमत आहे.