बाई गोड का बोलतायत?

काय घडलं?

सातवीतल्या सार्थकने अभयचा बूट पंख्याच्या पात्यावर ठेवला आणि बटण दाबलं. बूट खिडकीतून निघाला तो कसबा पेठेतल्या गल्लीपलीकडच्या वडापावच्या गाडीवर, थेट बटाट्याच्या भाजीच्या पातेल्यात जाऊन बसला.

एरवी वर्गशिक्षिका विजयमालाबाईंनी एक खोचक वाक्य टाकलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण शाळेत नवी पद्धत आली होती. पोर चुकलं की शिक्षा नाही, टोमणा तर नाहीच. त्याच्या मनात काय चाललंय ते मायेने विचारायचं. "आणखी एक तक्रार आली तर सातवी काढून घेईन," असं मुख्याध्यापक रामदाससर बाईंना बजावून बसले होते. आणि बाईंचा जीव होता सातवीवर.

बाईंनी सार्थकला जवळ बसवलं. "बाळा, तुला काय होतंय?"

सार्थक पांढरा पडला. इतक्या गोड आवाजात त्याच्याशी आजवर फक्त टाके घालणारे डॉक्टर बोलले होते.

कोणाला त्रास झाला?

वर्गातल्या अपेक्षाला. "बाईंना काहीतरी झालंय," म्हणून ती रडायला लागली.

"शाळेतून काढतात ना, तेव्हा असंच बोलतात," एका पायात बूट घातलेला अभय म्हणाला.

सार्थकने शाळेच्या ऑफिसातून आईला फोन लावला. "आई, बाई मला बाळा म्हणाल्या."

आई, म्हणजे पूर्वा, मीटिंग सोडून निघाली. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून निघून ती त्याच दिवशी पोचली, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

आता दुरुस्त कसं करायचं?

नव्या पद्धतीप्रमाणे सगळे वर्गात गोल करून बसले.

"सर, स्पष्ट सांगा, काय केलंय याने?" पूर्वाने विचारलं. "मी बाईंच्याच हाताखाली शिकलेय. त्या गोड बोलतायत म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय."

"म्हणजे बाईंबद्दल तक्रार आहे तुमची?"

"आहेच."

बाईंनी डोळे मिटले. गेली सातवी. तीही गोड बोलून.

सर सार्थककडे वळले. "तुला सुरक्षित वाटायला काय हवंय?"

"बाईंनी नेहमीसारखं बोलावं."

सरांनी छताकडे पाहिलं. "बोला, बाई."

"सार्थक, आमच्याकडे बूट पायात घालतात. तुमच्याकडे वेगळी पद्धत असेल, तर आई आलीच आहे, विचारून घेऊ."

सार्थकच्या चेहऱ्यावर रंग आला. अपेक्षाने डोळे पुसले. पूर्वाने पर्स उचलली. तिच्या लेखी विषय संपला होता.

"सातवी तुमच्याकडेच राहू द्या," सर पुटपुटले.

पण बाई उठल्या नाहीत. "ठेवलास कशाला रे?" या आवाजात टोमणा नव्हता आणि पद्धतही नव्हती.

"कुठल्या बाजूला उडतो ते बघायचं होतं."

"खिडकीकडे उडाला."

"तो अभयचा. हलका आहे. जड बुटाचं माहीत नाही."

बाईंनी पंख्याकडे पाहिलं. मग गोलातल्या एकेका पायाकडे.

"अपेक्षा," त्या म्हणाल्या, "खिडक्या लावून घे."

रामदाससरांनी पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.