उघडं दार दिसलं आणि मी शिरले

समाजशास्त्र म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी नवऱ्याला, यशोधनला, ठणकावून सांगितलं होतं. त्याच्या नोकरीपायी आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला आले, घरात बसून कंटाळले आणि संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. बाईंनी गृहपाठ दिला: एक प्रसंग घ्या आणि तीन चष्म्यांतून बघा. कार्यवाद म्हणतो, प्रत्येक रीत समाजाला बांधून ठेवते. संघर्षवाद म्हणतो, कसलं बांधून! इथं जो तो आपल्या हक्कासाठी भांडतोय! तिसरा प्रतीकात्मक आंतरक्रियावाद, म्हणजे नाव घेताना कवळी पडावी असा. तो म्हणतो, माणसं शब्दांना आणि खुणांना जो अर्थ देतात, त्यावरच सगळं चालतं.

तेवढ्यात शेजारच्या मॉरीनचे मामा, मायकल, वारले. इथं पुरण्याच्या आदल्या दिवशी मयताला घरात पेटीत ठेवतात, लोक येऊन भेटतात, चहा-सँडविच होतं.

"खालच्या गल्लीत ये. दार उघडं असेल ते घर," मॉरीन म्हणाली.

एका मयतात तिन्ही चष्मे! काळा ड्रेस चढवून मी निघाले.

दार उघडं दिसलं. शिरले. पेटीत एक म्हातारबुवा, भिंतीशी चार उंच शेजारी, आणि खुर्चीत एक वाळकी म्हातारी. मॉरीनचा पत्ता नाही! म्हातारीनं माझा हात घट्ट धरला.

"आलीस! आमच्या पॅडीचं सगळं करणारी इंडियन मुलगी तूच ना? मी ब्रीडा, त्याची बहीण."

पॅडी? म्हणजे घर चुकलं!

"नाही हो, मी सोसायटीचा अभ्यास..."

"तेच ते! त्या धर्मादाय सोसायटीनंच तुला पाठवलं होतं ना त्याच्या सेवेला!"

मी तोंड उघडणार, तर तिनं माझा हात आणखी आवळला. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"बापाच्या शेतावरून भांडलो गं. तरुणपणी बोलणं टाकलं, ते आजतागायत. तू त्याच्याजवळ असायचीस. खरं सांग, त्यानं कधी माझं नाव काढलं?"

आता ह्या चेहऱ्याकडे कुठल्या चष्म्यातून बघायचं, सांगा!

"रोज!" मी म्हणाले. "अहो, रोज तुमचं नाव घ्यायचे!"

एका शेजाऱ्यानं घसा खाकरला.

"लकवा झाल्यापासून पॅडीची वाचा गेली होती, बाई."

धरणी दुभंगावी म्हणून मी खाली बघितलं. खाली नुसतं कार्पेट! आणि त्याच क्षणी दारातून खरी मुलगी आत आली. केरळची लिसी, रडून डोळे सुजलेले. मग मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. घर चुकल्याचं, गृहपाठाचं, सगळं.

ब्रीडानं ते ऐकलं आणि लिसीला विचारलं, "खुणेनं तरी? माझ्याबद्दल?"

लिसीनं मान हलवली. नाही.

मी पर्स उचलली.

"बस," ब्रीडा म्हणाली. "खोटं बोललीस. पण तेवढा वेळ बरं वाटलं. समाज बघायला आलीस ना? बघून घे. माझ्या भावाचा एवढाच होता." जरा थांबून म्हणाली, "पेटीला सहा खांदे लागतात. लिसीला धरून पाचच आहेत. उद्या येशील?"

घरी सांगितलं तर यशोधन ताडकन उठला. "तू खांदा देणार? अगं, माझ्या आजीला आत्यालासुद्धा खांदा देऊ दिला नव्हता!"

"इथं बायका देतात!" मी म्हणाले.

सकाळी चर्चच्या दाराशी पेटी उचलली. मी मधल्या जोडीत. पुढचा सहा फुटी, मागचा त्याहून उंच. पेटी माझ्या खांद्याच्या वीतभर वर! दोन्ही हात वर करून मी पुरी वाट चालले. कबरीशी पोचल्यावर ब्रीडानं माझा खांदा चोळत विचारलं, "फार दुखला का गं?"

"थोडासा," मी म्हणाले.