चौथं सिलिंडर

“तीनच? मंग चौथं कुठी गेलं?” रंभाबाईंनी हळदीकुंकवाचं ताट गाडीच्या टपावर ठेवलं.

“गेलं कुठीच नाही. नव्हतंच ते,” त्यांचे यजमान भैयाजी म्हणाले.

भैयाजी रामदासपेठेत राहत आणि वकिली करत. कोर्टात न्यायाधीश त्यांना मध्येच थांबवत, म्हणून उरलेलं बोलणं ते घरी येऊन पुरं करत. जुनी अँबॅसिडर देऊन त्यांनी नवीकोरी मारुती आणली होती. पूजा, नारळ, एवढ्यावर भागलं असतं. पण बॉनेट उघडलं गेलं, इंजिनाचा विषय निघाला, आणि मग भैयाजींना आवरणं कोणाच्याच हातात राहिलं नाही.

“अवं, सिलिंडर म्हंजे उखळ समज. आत मुसळ खालीवर होते. पेट्रोल पेटलं का दणका बसते अन् त्या दणक्यानं चाक फिरते. अँबॅसिडरमंधी चार उखळं होते, एकामागं एक, पंगतीले बसल्यासारखे. आपल्या गावच्या जमीनदार मालगुजाराच्या जुन्या अमेरिकन गाडीत आठ. चार-चाराच्या दोन पंगती, खाली जुळलेल्या अन् वरतून फाकलेल्या. हिच्यात तीन उखळं, अन् पंगत आडवी. या बाजूनं त्या बाजूले.”

“तीन, अन् वरून आडवे!” रंभाबाईंनी कपाळाला हात लावला. “मी नाही बसत या गाडीत.”

त्यांचंही खोटं नव्हतं. तीन तिघाडा, काम बिघाडा, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्यांच्या घरात पानात तीन पोळ्या कधी पडल्या नाहीत. शुभकामाला तिघं निघाली तर चौथा म्हणून एक गोटा बरोबर घ्यायचा, हा नेम. आजही नवरा-बायको आणि लेक प्रेमिला असे तिघंच होत होते, म्हणून शेजारच्या सिंधूताईंना चौथ्या म्हणून जरीकाठी नेसवून आणलं होतं. माणसांचा बंदोबस्त झाला आणि इंजिनानं दगा दिला.

आणि काम काही साधंसुधं नव्हतं. प्रेमिलाची दोन स्थळं बोलणी होऊन मोडली होती. कामठीच्या गणपतरावांचा सुधाकर हे तिसरं. मागच्या दोन्ही वेळी प्रेमिला “तुम्ही म्हणाल तसं” म्हणाली होती. या वेळी मुलगा पाहून गेल्यावर ती नुसतं “मले चालते” म्हणाली आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. आईला तेवढ्यात सगळं समजलं. आता हे मोडलं तर पोर पुन्हा तोंड उघडणार नाही, या भीतीनं रंभाबाईंना आठवडाभर नीट जेवण गेलं नव्हतं. गणपतरावांनी निरोप धाडला होता, “पोरीले आमचं घर दाखवा, मंग पक्कं करू.”

भैयाजी कोट घालायला आत गेले, तेवढ्यात रंभाबाईंनी तुळशीपाशी पडलेला एक गोल गोटा उचलला, लाल कापडात बांधला, त्याला हळदकुंकू लावलं आणि इंजिनावरच्या, सिलिंडरांना ठिणगी पोचवणाऱ्या तीन वायरांपैकी एकीला दोऱ्यानं करकचून बांधून टाकला. बॉनेटही स्वतःच लावलं. मग मात्र त्या गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या.

गाडी शहराच्या टोकाला इंदोऱ्यापर्यंत छान गेली. पुढं कामठी रोडचे खड्डे लागले आणि एका मोठ्या गचक्यानंतर ती अंगात आल्यासारखी थरथरू लागली.

“बाबा, काहून करून राहिली ही अशी?” प्रेमिलानं विचारलं.

“तीनाची गाडी थोडी थरथरतेच,” भैयाजी आनंदानं म्हणाले. “चार बाया कांडाले बसल्या का ठोका सलग पडते. तिघी असल्या का मधात उसंत राहते. शास्त्र आहे ते.”

“त्या उसंतीनं माह्या दाढा हालून राहिल्या भैयाजी,” मागून सिंधूताई म्हणाल्या.

“एकदा उघडून तरी पाहा ना,” प्रेमिला म्हणाली.

“कारण माहीत असल्यावर उघडून काय पाहाचं?”

शेजारून एक दूधवाला सायकलवरून पुढं निघून गेला आणि जाताना वळून वळून पाहत होता. रंभाबाई मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या. पोरीचं नशीब आपल्याच गाडीत असं हादरताना त्यांना पाहवत नव्हतं.

कामठीला गणपतराव आवाज ऐकूनच बाहेर आले. मागून सुधाकर आला. इंदूबाई, त्याची आई, पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या.

“वकीलसाहेब, मारुती! उघडा, उघडा. इंजिन पाहू द्या आधी,” गणपतराव म्हणाले.

भैयाजींनी मोठ्या हौसेनं बॉनेट उघडलं. एक वायर सुटून लोंबत होती आणि तिच्या टोकाला लाल गाठोडं झुलत होतं.

“हे काय आहे? कंपनीतूनच येते काय?” गणपतरावांनी विचारलं.

भैयाजींच्या एका क्षणात सगळं ध्यानात आलं. वायर सुटली, म्हणजे एक सिलिंडर बंद. खड्ड्यांपासून इथवर आपण दोनावर आलो, आणि वर त्याचं शास्त्र सांगत आलो. इंजिनाबद्दल ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

“ते... बॅलन्ससाठी असते,” ते म्हणाले.

“नाही जी.” रंभाबाई पुढं आल्या. खोट्यावर पोरीचं लग्न त्यांना नको होतं. “म्या बांधलं ते. गाडीले तीनच सिलिंडर. तीनानं शुभकामाले कसं निघावं? म्हणून चौथ्याच्या जागी गोटा बांधला. त्याच्यानंच वायर निघाली. राग आला असंल तर माह्यावर काढा, पोरीवर नका काढू.”

“म्हंजे चौथं लावाले गेलो अन् तिसरंबी गेलं!” सिंधूताईंच्या तोंडून निघून गेलं.

प्रेमिला पायाच्या अंगठ्याकडं पाहत होती. सुधाकर आईकडं पाहत होता.

इंदूबाई पायरी उतरून आल्या. तांब्या खाली ठेवून त्यांनी वाकून इंजिन नीट पाहिलं, एकेक वायर मोजली.

“तीनच आहेत खरंच,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. “आमच्या घरातबी तीनच आहो बाई. हे, सुधाकर अन् मी. इतके वर्षं झाले, तीन ताटं वाढते अन् दर वेळी जीव खालीवर होते. चौथ्याचीच तर वाट पाहून राहिलो आम्ही.”

त्यांनी प्रेमिलाचा हात धरला आणि तिला घरात घेऊन गेल्या. रंभाबाई तिथंच गाडीला टेकून पदरात रडू लागल्या, आणि या खेपेला भैयाजींना काहीच समजावून सांगावंसं वाटलं नाही.