हातभर पाईपाची परीक्षा

सिंकखाली गरम पाण्याच्या पाईपाजवळ ठिबकायला लागलं, तेही नेमकं विहीणबाई चार वाजता येणार त्याच दिवशी. सासूबाईंचा जीव खालीवर झाला. सुनेची आई कितीतरी वर्षांनी घर बघायला येणार, आणि तिची नजर अशी की कपाटामागची धूळसुद्धा मोजून घेईल.

"आई, वायसर गेला असेल. आधी तो बघूया का?" सून म्हणाली.

"वायसर बियसर काही नाही. पाईप सडलाय. चाळीस वर्षं झाली त्याला. कापून टाक रे!"

शेवटचं वाक्य घाईने बोलावलेल्या प्लंबरला होतं. या लोकांना विचार करायला सांगितलं तर वेळ लागतो, कापायला सांगितलं तर लागत नाही. पाणी बंद करून त्याने हातभर तुकडा कापला नि केराच्या डब्यात टाकला.

तेवढ्यात नात शाळेतून आली. बाईंनी वर्गाला तक्ता दिला होता. घरात लावायचे पाईप तपासा. किती टिकेल? गंजेल का? गरम पाणी सोसेल का? मोडीत गेला तर पुन्हा कामाला येईल का? प्रत्येकी पाच गुण, उद्या जमा करायचा.

"काका, तुमचा नवा पाईप द्या ना."

प्लंबरने कौतुकाने प्लास्टिकचा दिला. तिने त्यावर उकळतं पाणी ओतलं. पाईपाने मान टाकली.

"नापास."

"अगं, तो थंड पाण्याचा आहे!"

"मग गरम पाण्याला का लावत होतात?"

प्लंबर खोकला आणि दुकानातून लोखंडी घेऊन आला. नातीने आत बोट फिरवलं, बोट तांबडं झालं. "हा तर दुकानातच गंजलाय."

तीन वाजले. नळाला थेंब नाही. "अगं महामाये, कुठला तरी पास कर! विहिणीला काय कोरडं बसवू?"

"खोटे गुण देऊ?"

सासूबाई पुन्हा एकदा घड्याळ बघून आल्या.

तक्त्यात तिसरी ओळ रिकामी होती, म्हणून नातीने केरातून जुना तुकडा काढला. वर भिंतीच्या रंगाचे सात थर. खिळ्याने खरवडले, तर खालून तांबं लखलखलं. आतून स्वच्छ, भोक एकही नाही. चाळीस वर्षं गरम पाणी पिऊन ताठ. आणि वितळवून त्याचा पुन्हा पाईप होतो, हे प्लंबरनेच खाली बघत सांगितलं. वीसपैकी वीस.

"मग मेलं ठिबकत काय होतं?"

प्लंबरने सिंकखालचा कॉक उघडला आणि "वहिनी आधीच वायसर म्हणाल्या होत्या, कापायला तुम्ही सांगितलंत," असं म्हणत झिजलेला वायसर सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. सून हसली नाही. शहाणी आहे.

नवा वायसर घातला, दोन जॉइंट लावून तोच तुकडा जागेवर बसवला. पाणी आलं, पाठोपाठ विहीणबाई. त्यांनी घर बघितलंच नाही, टेबलावरचा तक्ता उचलला आणि मोठ्याने वाचला, "निष्कर्ष. पाईप पास. आई पास. कापायला सांगणारी आजी नापास. खाली मोठ्या माणसाची सही."

आणि लेकीकडे बघून त्या गालात हसल्या.

"आणा इकडे. या घरात मोठी मीच," सासूबाई म्हणाल्या. चष्मा लावला, ठसठशीत सही ठोकली आणि तिच्याखाली लिहिलं, 'प्रश्नपत्रिका उशिरा मिळाली.'