खाडीचं पाणी कोणी नेलं?

पनवेल तालुक्यात डोकं पुष्कळांना आहे. वापरतो मी एकटा. धर्मराज भोईर, खासगी तपासनीस, खांदा कॉलनी, दुसरा मजला. माणसाची चप्पल पाहून मी त्याचा धंदा सांगतो. गेल्या महिन्यात देवळाबाहेर अकरा जणांचे सांगितले. दहा चुकले, कारण लोक एकमेकांच्या चपला घालून जातात. अशा समाजात तपास करणं सोपं नाही.

तर एका रविवारी दुपारी बाराच्या सुमारास खालच्या मजल्यावरची समृद्धी धापा टाकत वर आली. नववीत आहे. मागून तिचे विज्ञानाचे कमलाकर सर.

"आजोबा, पाणी चोरीला गेलंय!"

"नळाचं?"

"खाडीचं!"

मी ताठ बसलो. नळाच्या पाण्यासाठी मी जिना उतरत नाही.

प्रकरण असं होतं. शास्त्र आणि तंत्रज्ञानावर विद्यार्थ्यांनी चित्रपट करायची जिल्ह्याची स्पर्धा होती. असले चित्रपट मी पाहिलेत. पांढरा कोट घातलेलं पोर पृथ्वीच्या गोळ्याला काठीने ढोसतं आणि पाठ केलेलं बोलतं, पालक रडतात. समृद्धीने मात्र खऱ्या खाडीवर, खऱ्या भरती-ओहोटीवर चित्रपट करायचा हट्ट धरला होता. दोन महिने ती त्यासाठी राबत होती. सरांनी बावीस पानं लिहून दिली. त्यात चंद्र थर्माकोलचा होता.

मागच्या रविवारी सव्वाअकराला खाडीत रोवलेल्या बांबूच्या लाल खुणेपर्यंत पाणी होतं. अर्धा प्रसंग झाला आणि मोबाइलची बॅटरी संपली. उरलेला अर्धा आज घ्यायचा होता. सर मोठे काटेकोर. तोच गणवेश, त्याच रिबिनी, तोच सव्वाअकराचा ठोका. आणि खाडीत नुसता चिखल!

"बुधवारी पाठवायचाय," समृद्धीचा आवाज चिरकला. "आमचा झाला नाही, तर शाळा वरदचा पाठवणार. 'रोबोट माझा मित्र'. त्यात रोबोटच्या खोक्यात त्याचा मामा बसलाय, आजोबा!"

आतून माझी बायको गोदूबाई म्हणाली, "अवो, पण आज..."

"तू भाकरी बघ," मी म्हणालो. "तपास चालू आहे."

तिने तीस वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकली. तिला गुन्ह्यातलं काय कळणार?

साडेबाराला आम्ही बांधावर पोचलो. पहिला संशय काशिरामवर. बांधातून पाणी आत-बाहेर सोडायची झडप असते ना, उघाडी, ती हा सांभाळतो. तो उघाडीवरच झोपला होता. निर्दोष माणूस दुपारी झोपत नाही.

"पाणी कुठे सोडलंस?"

"मी? ही झडप गंजलीय. चार वरसं हालत नाय."

"म्हणजे चार वर्षांपासून कट चालू आहे!"

"धर्मादादा," तो कूस बदलत म्हणाला, "ऊन लागलंय तुमाला."

दुसरा संशय वरदच्या मामावर. जो माणूस खोक्यात बसून रोबोट होतो, तो काहीही करील. रस्त्यावर टँकरच्या चाकांचे ठसे सापडलेच. सरांनी लगेच हिशेब मांडला की एवढी खाडी उपसायला नऊ हजार टँकर लागतील. विज्ञानाचा माणूस! आकडा मिळाला की त्याला खरं-खोटं लागत नाही. आम्ही ऊन उतरेपर्यंत टँकर मोजत उभे राहिलो. दोन गेले. तेही रिकामे.

मग मी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून चिखलात उतरलो. बांबूपाशी पावलं होती.

"सापडला!" मी ओरडलो. "चोराच्या पायाला तीनच बोटं आहेत!"

"आजोबा, तो बगळा असेल."

"बगळा हा वेशांतराचा सर्वांत जुना प्रकार आहे."

पावलांचा माग काढता काढता माझे दोन्ही पाय रुतले. समृद्धी मोबाइल धरून हे सगळं टिपत उभी होती. डोळे भरले होते, पण हात हलत नव्हता. साडेचार वाजता माझ्या घोट्यांना गार लागलं. पाच वाजता पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

"पाहिलंत?" मी म्हणालो. "चोर घाबरला! माल परत करतोय!"

सरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात गोदूबाई चहाची किटली घेऊन बांधावर आली. मला पाहिलं आणि खाली बसून हसायलाच लागली.

"आज सप्तमी हाय," ती म्हणाली. "सात पाऊणे सव्वापाच. सव्वापाचला भरती. मागच्या आयतवारी पुनव होती. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पाणी घड्याळ बघून येतंय काय?"

समृद्धीने मोबाइल तिच्याकडे वळवला. "आजी, परत सांग."

"तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. पण आज लाल खुणेपर्यंत नाय यायचं. पुनवेला उधाण, आज भांग. भांगाला पाणी कमीच चढतं."

"भांगाची भरती बाविसाव्या पानावर आहे," सर पुटपुटले. "तिथपर्यंत आपण पोचलोच नव्हतो." चंद्रावर चित्रपट काढणाऱ्या या गृहस्थांनी आठवड्यात एकदाही मान वर करून चंद्र पाहिला नव्हता.

"मला तो अर्धा प्रसंग नकोच," समृद्धी एकदम म्हणाली. "दोन रविवार, एकच वेळ. एकदा पाणी, एकदा चिखल. हाच चित्रपट आहे! सर, तुमची बावीस पानं ठेवा."

सरांनी ती छातीशी धरली. मुलगी पुढच्या कामाला लागली होती. आम्हा दोघांना काशिरामने ओढून बाहेर काढलं. मला चिखलातून, सरांना विचारातून.

मंगळवारी मुख्याध्यापिका बाईंनी दोन्ही चित्रपट पाहिले. रोबोट बोलू लागताच त्या फोन पाहू लागल्या. आमच्या चित्रपटाला मात्र एवढ्या हसल्या, की चष्मा दोनदा पुसावा लागला. मग गोदूबाई बोटांवर पाऊणकी मोजू लागली. तिथे त्यांनी आपल्याही बोटांवर मोजून पाहिलं आणि समृद्धीच्या अर्जावर सही केली.

शेवटी पडद्यावर नावं आली. दिग्दर्शन: समृद्धी. शास्त्रीय सल्ला: गोदूबाई भोईर. चिखलात: धर्मराज भोईर.

माझं नाव शेवटी होतं. मोठी नावं शेवटीच येतात.