देवतळे सरांचा मासा

मुलीसाठी स्थळ आलं की देवतळे सर मुलाला नोकरी विचारत नाहीत, शेती विचारत नाहीत. पोह्यांची प्लेट त्याच्या हातात देतात आणि विचारतात, “अंडी कोण सांभाळते?”

पहिल्या मुलाला वाटलं, सरांचं पोल्ट्री फार्म असावं.

सर माझे शेजारी. नेरच्या कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. इथून समुद्र गाठायचा तर एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. पण सरांचं मन कोकणातल्या एका खडकाच्या फटीत अडकलेलं. विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेले होते, तेव्हा तिथे त्यांना बोटभर लांबीचा, बिनखवल्यांचा, बेडूकतोंड्या मासा दिसला. विद्यार्थी पाण्यात डुंबले; सर दोन दिवस खडकावर पालथे. ओहोटीत पाणी गेलं तरी हा मासा ओल धरून जागा सोडत नाही, हे त्यांनी पुढे एका सभापतींच्या सत्कारातही सांगितलं. सभापतींनी कौतुक समजून हात जोडले.

पण सरांचा खरा मुद्दा पुढचा. “मादी अंडी घालून निंगून जाते. नर फट साफ करते, परांनी अंड्यांवर पाणी हलवते, दाराशी डोकं काढून बसते. धड खायलेही जात नाही, बाप्पा!”

सरांच्या पत्नी गेल्या तेव्हा त्यांची मुलगी रेवती चार वर्षांची होती. तिच्या वेण्या सरच घालत. दोन्ही वेण्या एका उंचीवर कधी आल्या नाहीत.

तीन स्थळं त्या प्रश्नावर परत गेली. चौथा मुलगा कळंबचा, पुण्यात नोकरीला, रेवतीने स्वतः पसंत केलेला. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, “काका, हा गेला तं मी दुसरा पाहणार नाही. बाबांले आवरा.”

मी काय आवरणार? पोहे आले, पाठोपाठ मासा आला.

मुलाचे वडील हसले. “आमच्या घरी बायका आहेत ना, सर!”

रेवतीने डोळे मिटून घेतले. मुलगा वडिलांकडे न बघता म्हणाला, “माशाचं मले माहीत नाही, सर. पण ताई बाळंतपणाले आली होती, तेव्हा भाच्याची दुपटी मीच धुवत होतो. आई ओरडे. पण पोरगं माझ्याचजवळ झोपे.”

सरांनी आपल्या प्लेटमधले पोहे उचलून त्याच्या प्लेटमध्ये ओतले.

लग्न झालं, रेवती पुण्याला गेली. परवा संध्याकाळी सर ओट्यावर एकटेच बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “सर, पिल्लं निघाल्यावर पुढं काय होते?”

“पिल्लं भरतीसंगं समुद्रात जातात. दूर.”

“आणि तो नर?”

सरांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.

“ते नाही पाह्यलं,” ते म्हणाले. “सहलीची पोरं बसमध्ये बसून बोंबलून राह्यली होती. मी निंगून आलो.” मग म्हणाले, “थांबाले पाहिजे होतं.”