तपकिरी कागदावरची बायको

बाही

"अहो, माझे कपडे कुठे आहेत?"

"पलंगावर," पेंटर म्हणाला आणि बंद दाराबाहेर हाताची घडी घालून उभा राहिला. आता आतून एक आनंदाची किंकाळी येणार, अशी त्याची खात्री होती.

"पलंगावर कुणाचे तरी कपडे आहेत. माझे कुठे आहेत?"

"ते तुझेच आहेत. नवे."

"आणि कपाट रिकामं का आहे?"

"तेच तर सरप्राइज आहे!"

दारामागे कापडाची सळसळ. मग ती सळसळ मध्येच थांबली. मग कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं, आणि मग सोडून दिल्यासारखं.

"अहो."

"काय, कसं वाटतंय?"

"दोन्ही हात गेलेत. बाकी कुणी आत यायला तयार नाही."

मुलाखत अकराला होती. तीही आगारप्रमुखाच्या जागेची. बायको बस आगारात वाहतूक नियंत्रक होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल, कुठल्या गाडीचा दुसरा गिअर रुसतो, कुठले दोन ड्रायव्हर एकमेकांशी बोलत नाहीत, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मागच्या खेपेला तरीही खुर्ची दुसऱ्यालाच मिळाली. समितीतले एक गृहस्थ बाहेर येऊन म्हणाले होते, "बाई हुशार आहेत, प्रश्नच नाही. पण ह्या देहानं धावपळ जमायची का?"

ती रडली नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माइकसमोरच्या खुर्चीतून उठली आणि पायी फलाट तपासायला लागली. आधी ड्रायव्हर हसले. मग ड्रायव्हर गाडीखाली लपून विड्या ओढायचे थांबले, कारण बाई कधी वाकून बघतील याचा नेम राहिला नाही. वर्ष सरता सरता ती अर्धी झाली. म्हणजे पेंटरच्या मते अर्धी. वजनकाट्याचं मत वेगळं होतं, पण काट्याला कौतुक कुठे असतं?

पाठ

जुने कपडे मात्र तिनं सोडले नाहीत. शर्ट मागून चिमटीत धरून पिना लावायची. समोरून बाई नीटनेटकी, पाठीमागून पिनांचं दुकान. पँटला नवऱ्याचा पट्टा, त्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं.

"नवीन घे की गं आता," पेंटर म्हणायचा.

"वजन म्हणजे प्रवासी आहे," ती म्हणायची. "एका थांब्यावर उतरला म्हणून पुढच्या थांब्यावर चढणार नाही, असं थोडंच आहे? असू देत जुने."

पेंटरला हे ऐकवत नसे. त्याच्या दृष्टीनं बायकोनं जे केलं होतं ते गड सर करण्यासारखं होतं, आणि ही बाई गड जिंकून पुन्हा पायथ्याशी तंबू ठोकून राहत होती. तिच्या मागे पिना मोजत चालताना त्याच्या मनात एक दिवस आलं, की हिची परतीची गाडीच रद्द करून टाकावी.

कंबर

पेंटरची बहीण समोरच्याच इमारतीत शिवणकाम करायची. त्यानं बेत सांगितला तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "माप?"

"माप घेतलं तर सरप्राइज कसलं?"

"दादा, टेप लावल्याशिवाय मी उशीला अभ्रासुद्धा शिवत नाही."

"मी चित्र काढून देतो ना! खऱ्या आकाराचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला डोळे मिटूनसुद्धा दिसते ती."

आणि त्यानं खरंच काढलं. आपल्या दुकानाच्या भिंतीला तपकिरी कागद चिकटवला आणि खडूच्या एका दमात बायको उभी केली. खांदे, हात, कंबर, पाय. हात उचललासुद्धा नाही.

इथे पेंटरच्या हाताबद्दल सांगायला हवं. हा हात गेली कित्येक वर्षं दुकानांच्या पाट्यांवर मालकांची चित्रं रंगवत होता, आणि त्याला एक वळण पडलं होतं. मालक समोर बसला की हात पोटाची रेघ आपोआप थोडी आत घ्यायचा. गळ्याखालची वळी गाळायचा. खाटीक असो, न्हावी असो, दातांचा डॉक्टर असो, पेंटरच्या पाटीवर आजवर कुणालाही दुसरी हनुवटी आली नव्हती. गिऱ्हाईक खूश व्हायचं, म्हणायचं, "हुबेहूब!" इतक्या हुबेहूबांनंतर पेंटरलाही वाटायला लागलं होतं, की माणसं अशीच असतात.

बहीण कागदापुढे बराच वेळ उभी राहिली.

"वहिनी इतकी बारीक झाली?"

"तू तिला पिनांच्या बाजूनं बघतेस."

"तरीपण दादा, ही कंबर म्हणजे..."

"अगं, अजून उतरतेय! मुलाखतीपर्यंत बघ तू."

बहीण विचारात पडली. तिलाही वहिनीचं कौतुक होतं, आणि शिवाय ती कामाला चोख होती. मुलाखतीपर्यंत वहिनी अजून उतरणार असेल तर कपडे त्या दिवसाच्या अंगाचे हवेत. तिनं कागदावरच्या रेघेच्याही आतून कात्री चालवली.

माया

"ही बघा," बायको दार उघडून म्हणाली.

अंगात घरातला जुना झगा, त्यावरून कोपरापर्यंत चढलेला नवा शर्ट. हात पुढे, जणू कुणी बेड्या घालून आणलंय. बहिणीला फोन गेलाच होता. ती गळ्यात टेप, तोंडात सुई, हातात कात्री अशी धावत आली आणि दारातच थबकली.

"वहिनी! तुम्ही तर... आहात!"

"आहे ना. मी होतेच."

"नाही म्हणजे, दादाच्या चित्रात तुम्ही इतक्या नव्हता."

"चित्र?" बायकोनं हळूच मान वळवली. "कसलं चित्र?"

पेंटरनं सगळं सांगितलं. सांगताना त्याला प्रथमच जाणवलं, की मनात उदात्त वाटणारी गोष्ट तोंडातून बाहेर पडताना इतकी बावळट कशी होते.

"उसवून बघ," बायको नणंदेला म्हणाली. "शिवणीत माया किती ठेवलीस?"

"नाही ठेवली."

"अजिबात?"

"दादा म्हणाला तुम्ही अजून उतरणार. मग आत जादा कापड ठेवून काय करायचं होतं?"

बायकोनं डोळे मिटले. आगारात सगळ्या गाड्या एकाच वेळी फाटकात अडकल्या की ती असेच डोळे मिटायची, हे पेंटरला माहीत होतं. उघडले की हुकूम सुटायचे.

"अहो, जुने कपडे कुणाला दिलेत?"

"चिंधीवाल्याला."

"जा. धावा."

चिंधी

चिंधीवाला आपल्या गाडीवर पाय पसरून बसला होता. गाडी रिकामी होती.

"कालचे? ते तर कालच खपले. आगारात देतो मी सगळं. गाड्या पुसायला."

"कुठल्या आगारात?"

"आता गावात आगारं किती आहेत, पेंटर?"

पेंटरनं तिथूनच आगारातल्या मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, काल चिंधीवाल्यानं काही कपडे टाकले का?"

"टाकले ना! काय कापड आहे, वा! असा माल आयुष्यात पहिल्यांदा आला. तेल असं पितं, की बघत राहावं."

"त्यात एक निळा कोट होता. तेवढा जरा बाजूला..."

"कोट? कोटाच्या बाह्या फाडल्या सकाळीच. काचा काय चमकतायत! पाठ माझ्याकडे आहे, रेडिएटरला गुंडाळलीय. का हो, कुणाचा होता?"

पेंटरनं फोन ठेवला.

कोट

तो घरी आला तेव्हा बायको खुर्चीत बसून होती. बहीण जमिनीवर बसून नवी पँट दोन्ही बाजूंनी ताणत होती, म्हणजे रागावून कुणाचे कान ओढावेत तशी.

"संपलं," पेंटर म्हणाला. "माझ्यामुळे संपलं सगळं. तू एवढं केलंस आणि मी..." तो उंबऱ्यावरच बसला. "मला तू खरंच तशीच दिसतेस गं."

"ठाऊक आहे मला," बायको म्हणाली. ती रागावली नव्हती, हेच जास्त लागत होतं. "पण तुम्हाला जी दिसते ना, तिच्यात मला शिरता येत नाही. काय करू?"

मग ती उठली.

"तुमचं कपाट उघडा."

"माझं? माझ्या कपड्यांवर रंग असतो. एकूण एक शर्टावर."

"भाचीच्या लग्नात शिवलेला सूट आहे. राखाडी, पांढऱ्या शर्टासकट. काढा."

सूट निघाला. बहिणीनं पँट उजेडात धरली. "दादा, ही तर नवीकोरी आहे रे!"

"जपून वापरतो मी."

"जपून कसले?" बायको म्हणाली. "बटण लागत नाही त्यांना. दोन समारंभांना ताप आलाय म्हणून घरी बसले, तो ताप कंबरेला होता."

वर्षभर बायकोच्या ताटातून जे कमी झालं ते कुठे गेलं, याचा तपास तोवर कुणी केला नव्हता. बहिणीनं दादाच्या पोटाकडे पाहिलं आणि तपास संपला.

बायको सूट घेऊन आत गेली. या वेळी सळसळ मध्येच थांबली नाही. पँट चढली, बटण लागलं. पाय लांब होते, ते बहिणीनं गुडघ्यावर बसून दुमडले. कोटाचे खांदे उतरत होते, ते अंगावरच टाचून घेतले. "वहिनी, श्वास घेऊ नका." "घेऊ नको तर मुलाखतीत उत्तरं कशी देऊ?" "हात वर. खाली. आता वळा."

ती वळली.

पेंटर दाराला टेकून उभा होता. राखाडी कोट, पांढरा शर्ट, ओले केस मागे बांधलेले, आणि त्या सगळ्याच्या आत एक भरभक्कम, ताठ उभी बाई. कंबर होती तेवढी होती. पोटही होतं. वर्षभर फलाट तुडवलेले पाय जमिनीवर असे रोवलेले होते, की ह्यांना कुणी हलवून दाखवावं. त्याच्या हाताला सवयीनं हवेत रेघ ओढायची हुक्की आली. त्यानं ओढलीसुद्धा, बोटानं, कुणाला न दिसेल अशी. आणि हात कुठेही आत वळला नाही.

"काय बघताय?" ती म्हणाली. "गाडी चुकेल माझी."

खिसा

(फोन. दुपार.)

"झालं?"

"झालं."

"कपड्यांवरून बोलले का कुणी?"

"आधी बघत राहिले. मग अध्यक्षांनी विचारलं, ठरलेली गाडी ऐन वेळी फलाटाला लागलीच नाही तर काय कराल?"

"मग?"

"म्हटलं, साहेब, आज सकाळीच लागली नाही. मग जी उभी होती ती काढली. प्रवासी वेळेवर पोचल्याशी मतलब, गाडी कुणाच्या नावावर आहे ते नंतर बघू."

"हसले?"

"एक हसले. एकांनी लिहून घेतलं."

"आणि निकाल?"

"तेच सांगतेय ना. जुने साहेब आजच निवृत्त झाले. मी त्यांच्या खुर्चीत बसूनच बोलतेय."

पेंटरनं रंगाच्या बाहीनं डोळे पुसले.

"अहो? आहात का?"

"आहे."

"रडताय?"

"नाही गं. रंग गेला डोळ्यात."

कॉलर

रंगाचं खोटं नव्हतं. फोन खाली ठेवल्या ठेवल्या त्यानं एक फळी घेतली, पांढरी केली आणि निळ्या ठसठशीत अक्षरांत 'आगारप्रमुख' लिहिलं. असं अक्षर त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. वाळायला वेळ नव्हता. पाटी छातीशी धरून तो तसाच निघाला. बटण तुटलेली कामाची पँट, सात रंगांचा शर्ट, आणि आता त्या शर्टावर उलट्या अक्षरांत उमटलेलं अर्धं आगारप्रमुखपद.

फाटकावरचा पहारेकरी नवा होता.

"कुठे निघालात?"

"आगारप्रमुखांना भेटायचंय. पाटी द्यायचीय."

"रंगकामाचा पास?"

"मी कामाला नाही आलो. मी त्यांचा नवरा आहे."

पहारेकऱ्यानं त्याला चपलेपासून वरपर्यंत वाचलं. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, मॅडमना दुपारी मीच सलाम ठोकलाय. काय रुबाब! काय तो राखाडी कोट! असा सूट आख्ख्या आगारात आजवर कुणी घालून आलं नाही. त्या अशा, आणि नवरा म्हणून तुम्ही सांगताय..." त्यानं वाक्य सभ्यपणे सोडून दिलं.

"तो कोट माझा आहे," पेंटर म्हणाला.

"काय?"

"पँटसुद्धा."

पहारेकरी एक पाऊल मागे सरला. ड्यूटीवरच्या पहिल्याच आठवड्यात असला माणूस फाटकावर येईल, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पेंटरवरची नजर न काढता त्यानं भिंतीवरचा फोन उचलला.

"मॅडम, फाटकावरून बोलतोय. इथे एक गृहस्थ आलेत. हातात ओली पाटी आहे. म्हणतायत, तुमच्या अंगावरचे कपडे त्यांचे आहेत."

त्या काळ्या फोनमधून आवाज आला, माइकवरून कित्येक वर्षं गाड्या हलवून कमावलेला, फाटकाबाहेरच्या पेंटरपर्यंत स्वच्छ पोचणारा.

"त्यांना आत सोडा. आणि सांगा, होते."